'नेक्स्ट-जेन वाटतं' म्हणजे नेमकं काय वाटतं?

आजची पोस्ट गेमिंगबद्दल आहे, पण लगेच टॅब बंद करू नका. अभ्यास सोडून गेम खेळा असं सांगायला मी आलेली नाही. (सांगितलं तर लगेच ऐकाल, हेही मला माहीत आहे.) तुम्ही पेटची तयारी करत असाल, किंवा सिनॉप्सिस लिहायला बसून 'विषय नेमका काय' या प्रश्नावर अडला असाल, तर तुमच्यासमोर एका साध्या वाक्याची चिरफाड करून दाखवायची आहे. वाक्य असं: "प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर हातात घेतला की लगेच कळतं, हा पुढच्या पिढीचा कन्सोल आहे."

हे वाक्य मी स्वतः बोललेय. आमच्या लॅबमधला एक ज्युनिअर दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहतो. तिघांनी वर्गणी काढून पीएस५ घेतला. एका रविवारी त्यांच्याकडे पोहे खायला म्हणून गेले आणि चार तास तिथेच बसले. कन्सोलसोबत 'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम' नावाचा छोटा गेम फुकट येतो. त्यातला इवलासा रोबो धातूच्या फरशीवरून चालला की तळहाताला टकटक जाणवते, वाळूत गेला की खरखर, बर्फावर एकदम गुळगुळीत. स्प्रिंगचा पोशाख घातल्यावर ट्रिगर दाबायला गेलं, तर बोटाखाली खरंच स्प्रिंग दबतेय असा जोर लागतो. दहाव्या मिनिटाला मी म्हणाले, "अरे, हे नेक्स्ट-जेन आहे!"

आणि लगेच कानात एक जुना प्रश्न वाजला. कशापेक्षा?

त्या प्रश्नाची गोष्ट सांगते. माझा पीएचडीचा विषय स्पर्शसंवेदनेशी निगडित आहे. बोटाखाली एक छोटी पट्टी कंप पावते आणि माणसाला ती खडबडीत वाटते की मऊ, हे मी मोजते. दुसऱ्या वर्षाच्या प्रगती अहवालात मी एक स्लाइड मोठ्या अभिमानाने लावली होती: 'सहभागींना हा पृष्ठभाग अधिक वास्तव वाटला.' बाहेरून आलेले तज्ज्ञ चष्मा वर करून म्हणाले, "कशापेक्षा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लोकांना पट्टी दाखवली होती, लोक 'वा' म्हणाले होते, आणि ते 'वा' मी निष्कर्ष म्हणून छापलं होतं. ती तुलना नव्याने करण्यात माझे सात महिने गेले. तेव्हापासून कुठेही 'अधिक', 'नवं', 'पुढचं' असे शब्द दिसले की माझा हात आपोआप वर जातो.

'पुढची पिढी' हा तर तुलनेचाच शब्द. मागची पिढी कोणती, तिच्यात काय नव्हतं आणि आता काय आलंय, हे ठरवल्याशिवाय त्याला काही अर्थच नाही.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण टीका करायची तर वस्तू काय आहे ते माहीत हवं. जुन्या कंट्रोलरमधला कंप (गेमर त्याला रंबल म्हणतात) कसा तयार होतो ते तुम्ही घरी पाहिलेलं आहे. वॉशिंग मशीनमध्ये ओली चादर एका बाजूला गोळा झाली की ड्रम फिरताना अख्खं मशीन थडथडत पुढे सरकतं ना, अगदी तसंच. छोट्या मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड असं वजन बसवलेलं असतं. मोटर फिरली की कंट्रोलर हादरतो. प्लेस्टेशनच्या जुन्या ड्युअलशॉकमध्ये अशा दोन मोटर असायच्या, एक मोठ्या वजनाची आणि एक लहान वजनाची. या रचनेची एक मूळ अडचण आहे. जोरात हादरवायचं तर मोटर वेगाने फिरवावी लागते, आणि वेगाने फिरवली की कंपाची वारंवारताही वाढते. म्हणजे 'किती जोरात' आणि 'किती वेगाने' ही दोन बटणं एकमेकांना बांधलेली आहेत. शिवाय मोटरला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो. त्यामुळे पावसाचा एक थेंब तिला दाखवता येत नाही. ती फक्त गुरगुरू शकते.

ड्युअलसेन्समध्ये, म्हणजे पीएस५ च्या कंट्रोलरमध्ये, त्याऐवजी व्हॉइस कॉइल आहे. कागदी पडदा नसलेला स्पीकर डोळ्यांसमोर आणा. चुंबकाच्या क्षेत्रात गुंडाळी, विद्युतप्रवाह बदलला की ती पुढेमागे हलते. इथे जोर आणि वारंवारता वेगवेगळी ठरवता येते आणि सुरू-बंद होणं झटकन होतं. त्यामुळे टक, खर्र, थेंब, ठोका, सगळं वेगवेगळं करता येतं. आपल्या त्वचेतले पॅसिनियन ग्राहक साधारण २०० ते ३०० हर्ट्‌झच्या आसपास सगळ्यात संवेदनशील असतात, माइस्नर ग्राहक त्याहून बऱ्याच खालच्या पट्ट्यात काम करतात. जुनी मोटर ढोलताशाच्या पथकासारखी सगळ्यांना एकदम झोडपायची. व्हॉइस कॉइल ज्याला हवं त्याच्याशी बोलू शकते. (स्पर्शाच्या रेणूपातळीवरच्या गोष्टीत रस असेल तर २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलबद्दल वाचा. पातापूटियन यांचं पीएझो प्रथिनांवरचं काम म्हणजे माझ्यासारख्यांचं तीर्थक्षेत्र.)

दुसरी नवी गोष्ट म्हणजे अडॅप्टिव्ह ट्रिगर. तर्जनीखालच्या दोन्ही ट्रिगरमागे छोटी मोटर आणि गिअर आहेत. गेमने सांगितलं की मोटर एक दांडी पुढे आणते आणि ट्रिगर दाबायला जड होतो, मध्येच अडतो किंवा थरथरतो. धनुष्याची दोरी ताणली तर ताण वाढत जातो. 'डेथलूप'मध्ये बंदूक अडकली की ट्रिगर खरोखर दाबलाच जात नाही. ते पहिल्यांदा झालं तेव्हा कंट्रोलर बिघडला म्हणून मी घाबरून तो टीपॉयवर ठेवला. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू, तीही दुसऱ्याची!

तेव्हा अभियांत्रिकी म्हणून ही खरी प्रगती आहे, यात मला शंका नाही. वाद इथून पुढे सुरू होतो. यंत्र सुधारलं, हे एक विधान. त्यामुळे कन्सोल पुढच्या पिढीचा वाटतो, हे दुसरं विधान. पहिलं खरं म्हणून दुसरं आपोआप खरं होत नाही. प्रबंधात आपण सगळे ही उडी मारतो: उपकरणाची अचूकता वाढली, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव सुधारला. मधली पायरी कोणी बांधत नाही.

आता थोडा इतिहास, कारण या विषयात इतिहास फारच विनोदी आहे. निन्टेंडोने १९९७ मध्ये 'स्टार फॉक्स ६४'सोबत रंबल पॅक आणला, त्याच वर्षी जपानमध्ये सोनीचा पहिला ड्युअलशॉक आला. पुढची काही वर्षं कंप हा कंट्रोलरचा भागच बनला. मग २००२ मध्ये इमर्शन नावाच्या कंपनीने पेटंटवरून सोनी आणि मायक्रोसॉफ्टवर दावा ठोकला. मायक्रोसॉफ्टने तडजोड केली, सोनी लढली आणि हरली. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आला तेव्हा त्याच्या सिक्सअ‍ॅक्सिस कंट्रोलरमध्ये कंप नव्हताच! त्याऐवजी कंट्रोलर तिरका केल्याचं ओळखणारे सेन्सर होते. २००७ च्या सुरुवातीला सोनीचे अधिकारी फिल हॅरिसन यांनी एका मुलाखतीत म्हटलं की रंबल हे मागच्या पिढीचं वैशिष्ट्य आहे, पुढच्या पिढीचं म्हणजे हालचाल ओळखणं. मार्चमध्ये इमर्शनशी तडजोड झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ड्युअलशॉक ३ बाजारात आला. कंपासकट.

आणि २०२० मध्ये? एप्रिलमध्ये त्याच कंपनीने ड्युअलसेन्स जाहीर केला, आणि या पिढीत काय नवीन म्हणून जे पुढे केलं ते म्हणजे... कंप. सुधारलेला, पण कंपच.

मला इथे सोनीची टिंगल करायची नाही (थोडीशी करायची आहे). मुद्दा असा की 'पिढी' हा शब्द मोजमापाचा नाही, जाहिरातीचा आहे. तो वस्तूच्या आत नसतो, त्या वर्षी कंपनीकडे काय आहे आणि काय नाही यावर ठरतो. असा शब्द तुमच्या गृहीतकात शिरला तर तुमचं संशोधन दुसऱ्याच्या मार्केटिंग विभागाने ठरवलेलं असतं. 'स्मार्ट', 'इमर्सिव्ह', 'इंटेलिजंट' हे शब्दही याच कुळातले. वापरू नका असं नाही म्हणत मी. वापरण्याआधी त्याची कार्यात्मक व्याख्या करा, म्हणजे काय केलं आणि काय दिसलं तर मी याला 'असं' म्हणेन, ते आधी लिहून ठेवा.

माझी व्याख्या अशी: काढून घेऊन बघा. एखादं वैशिष्ट्य काढून घेतल्यावर खेळणाऱ्याला काही तरी करताच येईनासं झालं, किंवा आधी जमत होतं ते वाईट जमायला लागलं, तर ते वैशिष्ट्य पिढीचं. काढून घेतल्यावर नुसतं 'अरे, ते छान होतं' असं वाटलं तर ते सजावटीचं. आणि काढून घेतल्यावर गेम सुधारला तर... हो, असंही झालंय. पीएस३ वर 'लेअर' नावाचा गेम २००७ मध्ये आला होता, ड्रॅगन उडवायचा. कंट्रोलर तिरका करूनच उडवायचा, दुसरा मार्ग नाही. लोक इतके वैतागले की पुढच्या वर्षी अपडेट देऊन साध्या काडीने, म्हणजे अ‍ॅनालॉग स्टिकने, उडवायची सोय करावी लागली. 'पुढच्या पिढीचं वैशिष्ट्य' काढून घेणं हीच दुरुस्ती ठरली.

याच्या उलट टोकाला १९९६ चा निन्टेंडो ६४. त्याच्या अ‍ॅनालॉग स्टिकशिवाय 'सुपर मारिओ ६४'ची कल्पना करून बघा. मारिओ हळू चालतो, जोरात पळतो, गोल वळतो, ते अंगठा किती ढकलला यावर. चार दिशांच्या बटणावर तो गेम होऊ शकत नाही असं नाही, पण तो वेगळाच गेम होईल. निन्टेंडोचाच २००६ चा वी घ्या, मनगट फिरवून टेनिस खेळायचा. त्याची चित्रं प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने साधी होती, तरी दहा कोटींच्या वर विकला गेला. या दोन्हींत नवी गोष्ट होती ती माणसाकडून यंत्राकडे जाणारी: मी यंत्राला काय सांगू शकते. ड्युअलसेन्सचा कंप उलट्या दिशेचा आहे: यंत्र मला काय सांगू शकतं. माझं मत असं की पिढ्या बहुतेक वेळा पहिल्या दिशेने बदलल्या आहेत. दुसऱ्या दिशेची सुधारणा अनुभव समृद्ध करते, पण खेळाचे नियम तेच ठेवते.

अडॅप्टिव्ह ट्रिगर मात्र या दोन दिशांच्या सांध्यावर बसलाय, म्हणून तो मला जास्त रोचक वाटतो. 'रिटर्नल' (२०२१) मध्ये डावा ट्रिगर अर्धा दाबला की नेम, पूर्ण दाबला की बंदुकीचा दुसरा मारा तयार. अर्ध्यावर स्पष्ट अडथळा लागतो, त्यामुळे एका बटणाची दोन बटणं होतात आणि डोळे पडद्यावरून न हलवता बोटाला कळतं आपण कुठे आहोत. इथे यंत्राने मला काही सांगितल्यामुळे मी यंत्राला जास्त सांगू शकते. हे मला कल्पक वाटलं. त्याच गेममधला तळहातावर पडणारा पाऊस सुंदर आहे, सगळे त्याचंच कौतुक करतात, पण माझ्या व्याख्येत पाऊस सजावट आणि अर्धा ट्रिगर काम.

पण थांबा, माझ्याच व्याख्येने 'रिटर्नल'लाही तपासायला हवं. तो गेम २०२३ मध्ये पीसीवर आला. लोक तो माउस आणि कीबोर्डने खेळतात. नेम एका बटणावर, दुसरा मारा दुसऱ्यावर. खेळ होतो, व्यवस्थित होतो. म्हणजे अर्धा ट्रिगर ही कंट्रोलरवरच्या बटणांच्या टंचाईवरची उत्तम युक्ती आहे, पण तिच्यावाचून अडत नाही. इथे माझं आवडतं उदाहरण माझ्या हातून निसटलं. ते मी पोस्टमधून काढून टाकू शकले असते, पण काढलं नाही, कारण प्रबंधातही असंच होणार आहे आणि तिथेही काढायचं नाही.

आता प्रयोगाच्या आखणीकडे, कारण खरा घोळ इथे आहे. समजा तुमच्या मित्राने पीएस४ विकून पीएस५ घेतला आणि म्हणाला, "कंट्रोलरमुळे फरक जाणवतो." त्याच्या घरी एका दिवसात किती गोष्टी बदलल्या? कंट्रोलर बदलला. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली, लोडिंगची वाट बघणं जवळजवळ संपलं. बऱ्याच गेममध्ये सेकंदाला ३० ऐवजी ६० चित्रं दिसू लागली, म्हणजे बटण दाबणं आणि पडद्यावर परिणाम दिसणं यातलं अंतर कमी झालं. पंख्याचा आवाज कमी झाला (पीएस४ प्रो ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल, मिक्सरमध्ये चटणी चालू आहे असं वाटायचं). यातलं 'हातात हलकं-चपळ वाटतं' हे कशामुळे? बटण दाबल्याबरोबर पडद्यावर उत्तर मिळालं की माणूस म्हणतो कंट्रोलर छान आहे. त्यात कंट्रोलरचा वाटा शून्यही असू शकतो. याला आपण गोंधळ घालणारे चल म्हणतो, आणि इथे ते चार-पाच एकत्र आलेत.

मग वेगळे कसे करणार? दोन बाय दोनचा तक्ता काढा. एका बाजूला वेगवान कन्सोल आणि संथ कन्सोल, दुसऱ्या बाजूला नवा स्पर्श आणि जुना स्पर्श. 'ग्रॅन टुरिस्मो ७' (२०२२) पीएस४ आणि पीएस५ दोन्हींवर आला, तो घेऊ. संथ कन्सोल, जुना स्पर्श: पीएस४ आणि ड्युअलशॉक ४. मिळाला. वेगवान, नवा स्पर्श: पीएस५ आणि ड्युअलसेन्स. मिळाला. वेगवान, जुना स्पर्श: इथे ड्युअलशॉक ४ लावून पीएस५ चा गेम खेळावा म्हटलं तर कन्सोल परवानगी देत नाही, त्यावर तो कंट्रोलर फक्त पीएस४ च्या गेमना चालतो. मग सेटिंगमध्ये जाऊन ड्युअलसेन्सचा कंप आणि ट्रिगरचा परिणाम बंद करायचा. पण 'जुना स्पर्श' आणि 'स्पर्शच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा हा चौकोन अर्धवट भरला. आणि चौथा, संथ कन्सोल आणि नवा स्पर्श, तो रिकामा. म्हणजे जी तुलना या वाक्याला खरं किंवा खोटं ठरवेल, ती करायची सोयच बाजारात पूर्ण नाही. असे रिकामे चौकोन तुमच्या विषयातही असतील. ते सिनॉप्सिस लिहिण्याआधी सापडले तर बरं, डेटा गोळा केल्यावर सापडले तर काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

आणखी एक लपलेला चल आहे, आणि तो माझ्या कामाच्या इतका जवळचा आहे की त्याबद्दल न बोलता राहवत नाही. ड्युअलसेन्समध्ये स्पीकर आहे. अ‍ॅस्ट्रो धातूवर चालतो तेव्हा हातातूनच बारीक टणटण आवाजही येतो. १९९८ मध्ये युसमाकी आणि हारी या संशोधकांनी एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसाने तळहात एकमेकांवर चोळायचे, तो आवाज माइकने घेऊन हेडफोनमधून त्यालाच लगेच ऐकवायचा, फक्त वरच्या वारंवारता वाढवून. लोकांना स्वतःची त्वचा कोरडी, कागदासारखी वाटू लागली! हात तेच, चोळणं तेच, बदलला फक्त आवाज. आता सांगा, वाळूची ती खरखर मला तळहातातून किती कळली आणि कानातून किती? मी ज्युनिअरच्या घरी कंट्रोलरच्या स्पीकरचा आवाज शून्यावर आणला, टीव्हीचाही बंद केला, आणि तोच भाग पुन्हा खेळले. धातू आणि वाळू तेव्हाही वेगळे कळत होते. पण 'धातू' राहिला नाही, 'कडक काही तरी' झालं. पदार्थाचं नाव बहुधा कान आणि डोळे देत होते, हात फक्त होकार भरत होता. एकटीने, माहीत असताना केलेली ही खटपट आहे, हिला पुरावा म्हणू नका. प्रश्न म्हणा. कोणाला एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय हवा असेल तर हा घ्या, माझी हरकत नाही.

तिसरी अडचण वेळेची. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक संवेदनेचं अनुकूलन: घड्याळ बांधल्यावर थोड्या वेळाने पट्टा जाणवेनासा होतो, तसा सलग कंप काही वेळाने बोथट वाटतो. हे सेकंद-मिनिटांचं, त्वचेचं आणि चेतासंस्थेचं काम. दुसरा नवलाईचा परिणाम: नवी वस्तू म्हणून आपण तिच्याकडे जास्त लक्ष देतो, जास्त कौतुक करतो, आणि काही आठवड्यांत ते ओसरतं. कन्सोलची बहुतेक परीक्षणं बाजारात येण्याच्या सुमारास लिहिली जातात, म्हणजे नवलाई शिखरावर असताना. आणि त्या वेळी खेळायला काय असतं? कंट्रोलर दाखवण्यासाठीच बनवलेला गेम. हे म्हणजे क्लासच्या जाहिरातीतल्या टॉपरवरून अख्ख्या बॅचचा निकाल ठरवण्यासारखं आहे. 'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम' उत्कृष्ट आहे, पण तो प्रातिनिधिक नमुना नाही. पुढे आलेल्या कित्येक गेममध्ये, विशेषतः जे एक्सबॉक्सवरही निघतात त्यांत, स्पर्श पुन्हा जुन्या गुरगुरीच्या जवळ गेलेला मला जाणवला. कारणही समजण्यासारखं आहे: जे वैशिष्ट्य एकाच कन्सोलवर आहे, त्यावर गेमचा गाभा कोण उभा करेल? ड्युअलशॉक ४ च्या टचपॅडचं हेच झालं. २०१३ मध्ये केवढा गाजावाजा, आणि शेवटी बहुतेक ठिकाणी नकाशा उघडायचं मोठं बटण.

एक्सबॉक्सचं नाव निघालंच आहे तर, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एकाच आठवड्यात एक्सबॉक्स सीरीज एक्स आणि पीएस५ आले. दोन्हींत एएमडीचीच, जवळच्या कुळातली चिप. एकाने कंट्रोलर मुळापासून बदलला, दुसऱ्याने शेअरचं बटण आणि नवा डी-पॅड देऊन जवळजवळ तोच ठेवला. पिढी कंट्रोलरमध्ये असती तर एक्सबॉक्सवाल्यांना आपण मागच्याच पिढीत आहोत असं वाटायला हवं होतं. मला भेटलेल्यांपैकी कोणाला तसं वाटल्याचं दिसलं नाही, ते लोडिंगच्या वेगावर खूश होते. अर्थात ज्याने जे विकत घेतलं त्याला ते बरोबरच वाटतं, हा आणखी एक गोंधळ घालणारा चल.

तर माझा निवाडा. ड्युअलसेन्स हा मी हाताळलेला सगळ्यात चांगला कंट्रोलर आहे. त्यावरून ड्युअलशॉक ४ कडे परत गेलं की हात बधिर झाल्यासारखा वाटतो. पण त्याने पीएस५ नेक्स्ट-जेन होत नाही. तो काही गेममध्ये, काही जागी, खेळणाऱ्याच्या हातात माहिती देतो. तिथे तो अमूल्य आहे. बाकीच्या जागी ती उंची सजावट आहे, आणि वेगवान शूटरमध्ये तर अडचणच: प्रत्येक गोळीला जड ट्रिगर दाबायचा म्हणजे स्पर्धेत मागे पडणं, म्हणून अनेक जण तो परिणाम सरळ बंद ठेवतात. दोन तासांनी माझी तर्जनीही दुखायला लागली होती. ज्यांच्या हातात मुळात जोर कमी आहे त्यांच्यासाठी 'बंद' हा पर्याय असणं हेच मोठं वैशिष्ट्य आहे, त्याची जाहिरात मात्र कुठे दिसत नाही.

आता कबुलीजबाब. महिनाभराने मी पुन्हा त्या फ्लॅटवर गेले होते. ज्युनिअर चहा करायला आत गेला तेव्हा मी गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन ट्रिगरचा परिणाम बंद केला. (संमतीपत्र नाही, एथिक्स कमिटीची परवानगी नाही, नमुना एक माणूस. तुम्ही असं काही करू नका.) आधी तो तासभर 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' खेळला. काहीच बोलला नाही. उलट लढाई छान जमतेय म्हणाला. मग त्याने 'ग्रॅन टुरिस्मो ७' लावला. त्यात ब्रेक जोरात दाबून एबीएस सुरू झालं की डावा ट्रिगर बोटाखाली थरथरतो, आणि त्या थरथरीवरून ब्रेक किती सोडायचा हे त्याचं बोट ठरवतं, त्याला स्वतःला हे सांगताही येत नसावं. दुसऱ्याच वळणावर गाडी बाहेर गेली. तो कंट्रोलर उलटसुलट करून बघत म्हणाला, "ताई, ब्रेकला काय झालं?"

सांगावं लागलं. त्यानंतरचा चहा मी केला.